चुलत आकडा

"प्लाझ्मा आणलात का?" नर्सने दारातून अर्धं अंग बाहेर काढून विचारलं, आणि मी म्हणालो, "वीस हजार डिग्री."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. या दारापुढच्या बाकांवर बसणाऱ्यांच्या तोंडून काय काय बाहेर पडतं, त्याची तिला सवय असावी, कारण ती हसली नाही आणि चिडलीही नाही. "काका, पिशवी. रक्तपेढीतून पिवळी पिशवी आणायची होती. चिठ्ठी मी सकाळीच दिलीय तुमच्याकडे." चिठ्ठी होती. माझ्याच मुठीत होती. घडीवर घडी घालून मी ती नखाएवढी केली होती. उलगडताना शाई फाटल्यासारखी दिसली, पण वाचता येत होतं: माझ्या धाकट्या भावाचं वय, सेहेचाळीस, वॉर्ड, भाजलेल्यांचा, टक्के, पंचेचाळीस. वय आणि टक्के एवढे जवळजवळ होते की मला आधी वाटलं, कारकुनाने एकच आकडा दोनदा लिहिताना चूक केली. आकड्यांच्या चुका मला दुरून दिसतात. म्हणजे दुसऱ्यांच्या.

वीस हजारही तसा चुकीचा नव्हता. लोखंडाचे जाड पत्रे कापायला प्लाझ्माचा झोत वापरतात, त्याच्या पोटात साधारण एवढी उष्णता असते, आणि धाकट्याने मला विचारलेला शेवटचा प्रश्न त्याबद्दलच होता. अपघाताच्या आदल्या दुपारी त्याचा मेसेज आला. "दादा, प्लाझ्माचा झोत, पण पुलाएवढा रुंद. छातीवर. दहा मिनिटं. धुडोबा टिकेल?" मी जेवण संपवलं, हात धुतले, आणि उत्तर टाकलं: "वीस हजार डिग्री. नाही." त्याने तोंड वाकडं केलेला एक चेहरा पाठवला. आमच्यातला तो शेवटचा पत्रव्यवहार. आमच्या लहानपणच्या त्या काल्पनिक राक्षसाबद्दल चाळीस वर्षांत मी त्याला शेकडो उत्तरं दिली असतील आणि त्यातलं प्रत्येक उत्तर 'नाही' होतं. ज्वालामुखीत नाही, विजेच्या लोळात नाही, सूर्याला हात लावला तर विचारूच नकोस. "तुझं काय जातं रे एकदा हो म्हणायला?" तो म्हणायचा. "माझी नोकरी," मी म्हणायचो. आणि आम्ही दोघं हसायचो, कारण तेव्हा ते खरं होतं असं मलाही वाटत होतं.

रक्तपेढी आवाराच्या पलीकडच्या टोकाला. मधे सिमेंटचा चौक, त्यावर अकराचं ऊन. काउंटरच्या काचेमागचा माणूस गोल चेहऱ्याचा, चष्मा कपाळावर, स्वतःशी काहीतरी गुणगुणणारा. माणूस सुखी असावा, किंवा बायको माहेरी गेलेली असावी. त्याने मागच्या कपाटातून दगडासारखी घट्ट गोठलेली पिशवी काढली. रंग गवताच्या काडीचा. मी विचारलं, "किती डिग्री?" "उणे तीस," तो म्हणाला. मग कोमट पाण्याच्या भांड्यात ती पिशवी सोडली आणि काचेचं झाकण लावलं. "आता थांबा अर्धा तास. सदतीसच्या वर जायचं नाही. काहीजण म्हणतात, गरम पाणी ओता, पेशंट सीरियस आहे. अहो, घाई केली तर नासतं ते. मग काय उपयोग?" मला त्याला मिठी मारावीशी वाटली. चार दिवसांत मला भेटलेला हा पहिला माणूस, जो माझ्या भाषेत बोलत होता. उष्णता मारत नाही, घाई मारते. हे वाक्य मी भट्टीच्या विटा तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवतो. हळूहळू तापवलेली वीट सतराशे डिग्रीत मुकाट बसून राहते. तीच वीट एकदम तापवा, एकदम निववा, चारशेतच फुटते. माणसांचंही तसंच. मी माणसं डिग्रीत मोजतो, खोड आहे मला. आमचे साहेब शंभराला उकळतात आणि नव्वदला विसरून जातात. आमची आई, सगळं आयुष्य एकाच आचेवर, कधी तडा नाही. गेली तेव्हासुद्धा दुपारी आडवी झाली आणि उठली नाही एवढंच. धाकटा कितीला फुटतो हे मला कधी मोजता आलं नव्हतं. तो हसतच असायचा.

भांड्यातली पिशवी कडेने सैल व्हायला लागली होती. धुडोबाही तापातच जन्माला आला होता. धाकटा सहा वर्षांचा, मी अकरा. एका खोलीत दोन खाटा. तो तापाने फणफणलेला आणि खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवून म्हणत होता, टाकीमागे कोणीतरी उभं आहे. मी खिडकीशी जाऊन पाहिलं, कोणी नव्हतं. पण मी म्हणालो, "हो, उभा आहे. धुडोबा आहे त्याचं नाव. टाकीच्या चौपट." आता आठवलं की आश्चर्य वाटतं, ते 'हो' मी किती सहज म्हणालो होतो. मग तो अंगावरचं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून म्हणाला, "दादा, धुडोबाला ताप आला तर?" आणि मी, शाळेत नुकतंच काहीतरी शिकलेला मी, म्हणालो, "एवढ्या मोठ्याला ताप आला तर तो मरेलच." त्याने भोकाड पसरलं. आईने मला एक ठेवून दिली. "जिभेला काही हाड? आजारी लेकराला काय बोलावं कळत नाही?" ती पोराला समजावत राहिली की धुडोबाला काही होत नाही, त्याची कातडी जाड असते. मी कोपऱ्यात गाल चोळत उभा होतो आणि मनात म्हणत होतो, खोटं आहे, खोटं आहे. आपण खरं बोलणारे, या अभिमानाची मुळं कुठे कुठे रुजतात बघा. मला वाटतं, माझी त्याच गालफडात रुजली.

पुढे तो ओतकाम कारखान्यात लागला. "तिथे धुडोबा रोज जेवतो, दादा," असं म्हणायचा. वितळलेल्या लोखंडाची ती बादली, तिला ते लॅडल म्हणतात, दोन पुरुष उंच, आतून विटांचं अस्तर, क्रेनला लटकून डुलत येते आणि साच्यात ओतते; ती पाहायला त्याने मला एकदा मुद्दाम नेलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर तो प्रकाश पडला होता आणि चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडलेला, दोन लेकींचा बाप असलेला माणूस सहा वर्षांचा दिसत होता. एका ग्रुपवर त्याच्यासारखेच पंचवीस-तीस बाप्ये होते. कोणाचा राक्षस किती उंच, कोणाची कातडी कशाची, कोण कशात टिकेल, यावर भांडायचे. अगदी एकमेकांची आईबहीण काढण्यापर्यंत. कोणी फारच टोकाला गेला की धाकटा लिहायचा, "थांबा, माझ्या दादाला विचारतो. तो सरकारी मान्यतेचा आहे." आणि माझं 'नाही' तिथे चिकटवायचा. स्वतःच्या धुडोबाविरुद्ध गेलं तरी. या गोष्टीचा मी कधी विचारच केला नव्हता. मला वाटायचं, मी त्याची गंमत करतो आहे.

पिशवी मऊ झाली. काउंटरच्या माणसाने ती फडक्यात गुंडाळून दिली. "हलवू नका फार," म्हणाला, "आणि धावू नका." मी चौकातून तान्हं मूल नेल्यासारखी ती छातीशी धरून नेली, आणि नर्सने ती घेऊन दार लावलं तेव्हा हात एकदम नको तेवढे मोकळे झाले.

बाकावर भावजय बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ती शाळेत गणित शिकवते. माझ्याशी तिचं त्यामुळे बरं जमतं, दोघंही कमी बोलतो. आज मात्र बोलली. "भाऊजी, कारखान्यातून दोघं आले होते सकाळी. फळं घेऊन." मी तिच्याशेजारी बसलो. "म्हणतात, चौकशीत काय निघायचं ते निघेल, पण सध्या तरी असं दिसतंय की बादली पुरती तापवली नव्हती. थंड अस्तरात लोखंड ओतलं म्हणून विटा फुटल्या आणि लोखंड बाहेर उसळलं. तापवायचं काम यांचं होतं ना? चार तास लागतात म्हणे. क्रेनवाला सांगतो, हे घाईत होते." ती थांबली. "क्रेनवाल्याचे दोन्ही पाय भाजलेत. तो खोटं कशाला बोलेल?" मी म्हणालो, "माणूस भाजला की काहीही बोलतो." "मग हे का बोलत नाहीत काही? मी काल विचारलं, तापवली होती ना तुम्ही? तर म्हणतात, आठवत नाही. भाऊजी, पंचवीस वर्षं जे काम केलं, ते त्या दिवशी केलं की नाही हे माणसाला आठवत नाही?" तिचा आवाज चढला नव्हता. ती जणू फळ्यावर चुकलेल्या गणिताकडे बघत होती: पायऱ्या सगळ्या बरोबर, उत्तर मात्र येत नाही. "मला त्यांचा राग येतोय," ती म्हणाली, "आणि आत्ता राग यायला नको, हे मला कळतंय."

मी कागदी पेल्यातलं पाणी प्यायलो.

परवा सकाळी मी तासाभरासाठी प्रयोगशाळेत गेलो होतो, रजेचा अर्ज द्यायला. टेबलावर एक पोतं. कारखान्याने फुटक्या विटांचे तुकडे तपासणीला पाठवलेले, वर बॅचच्या नंबरची चिठ्ठी. बॅचचा नंबर मी वाचला आणि मला तो कुठे लिहिला आहे हे वही न उघडता दिसलं: उजवं पान, वरून सातवी ओळ, माझं अक्षर, शेवटच्या रकान्यात सव्वीस. आमच्याकडे भट्टीच्या विटांच्या दोन चाचण्या असतात. एक चढ: हळूहळू तापवत न्यायची, कितीला मऊ पडते ते बघायचं. दुसरी झटका: लालबुंद करायची आणि पाण्यात बुडवायची, पुन्हा लाल, पुन्हा पाणी, फुटेपर्यंत किती बुड्या सोसल्या ते लिहायचं. चढाला एक दिवस पुरतो. झटक्याला चार-पाच दिवस, आणि हात पोळतात, आणि वाफेने चष्मा जातो. म्हणून माझ्याही आधीच्या काळापासून एक पद्धत पडली आहे. तीच माती, तीच भट्टी, तोच कारखानदार असला, की नव्या बॅचचा झटका घ्यायचाच नाही. मागच्या बॅचच्या बुड्या उतरवायच्या. या आकड्याला आम्ही चुलत म्हणतो. स्वतः मोजलेला तो सख्खा, उतरवलेला तो चुलत. "हा सख्खा आहे का हो?" "नाही साहेब, चुलत. पण घराणं चांगलं आहे." असे विनोद. हे विनोद मी घरी येऊन धाकट्याला सांगायचो, आणि तो जेवताना ठसका लागेपर्यंत हसायचा.

सव्वीस चुलत होता.

दर बॅचच्या दोन विटा आम्ही मांडणीवर राखून ठेवतो. मी रजेचा अर्ज खिशातच ठेवला, मांडणीवरची एक वीट उतरवली, भट्टी लावली, आणि दिवसभर तिथेच उभा राहिलो. भावजयीला फोन केला की जरा काम आहे. पहिली बुडी. पाणी किंचाळलं, वीट शाबूत. दुसरी. तिसरीला कोपऱ्यापाशी केसाएवढी रेघ दिसली आणि मी स्वतःला सांगितलं की ती आधीचीच आहे. चौथ्या बुडीला वीट चिमट्यातच दुभंगली, बिस्किटासारखी, आवाजसुद्धा फारसा न करता. आतून फिकट, ठिसूळ. कारखानदाराने माती बदललेली, आणि आम्हाला कळवायचं त्याने कशाला, आम्ही बघतच नव्हतो. साहेब मागे येऊन उभे राहिले होते ते मला कळलंच नाही. त्यांनी पाण्यातला अर्धा तुकडा पाहिला, पोतं पाहिलं, मला पाहिलं. "तुमचा सख्खा भाऊ ना तो?" ते म्हणाले. मग खूप वेळाने, "तुम्ही रजेवर आहात. आज तुम्ही आलाच नव्हतात. चुलत असं वहीत कुठे लिहितो का आपण? नाही ना. मग झालं." खांद्यावर हात ठेवून गेले. वाईट माणूस नाही. त्याच्याही सह्या आहेत त्या पानांवर. मी तुकडे पुसून मांडणीवर ठेवले आणि इथे परत आलो, आणि तेव्हापासून दर वेळी मला आत सोडतात तेव्हा मी धाकट्याच्या खाटेशी उभा राहतो आणि त्याला म्हणतो, बरं वाटतंय का. पंचेचाळीस टक्के भाजलेल्या माणसाला.

बाकावर बसून करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. खरं तर कशावरून तरी मन दुसरीकडे न्यायचं होतं, आणि मला दुसरीकडे म्हणजे एकच ठिकाण माहीत आहे. धुडोबा. उंची, ग्रुपवर वाढत वाढत, पाचशे मीटर, तेव्हा कातडीपासून काळजापर्यंत, हात आखडता घेतला तरी वीस-तीस मीटर मांस. उष्णता आत शिरते कशी? सावकाश. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. हे विटेला लागू आणि मांसालाही लागू. मी आकडे मांडत गेलो आणि पेन थांबलं. दोनशे वर्षं. बाहेरून छातीवर प्लाझ्मा सोडा, कातडी उकळेल, जळेल, आणि जळताना तिची जी वाफ उठेल तीच मधे येऊन पुढचा झोत अडवेल, आणि आत, अगदी आत, काळजापर्यंत ऊब पोचायला दोनशे वर्षं लागतील. दहा मिनिटांत त्या काळजाला कळणारसुद्धा नाही की बाहेर काय चाललं आहे. मी पुन्हा मोजलं. चूक नव्हती. चाळीस वर्षं मी त्याला कातडीचं उत्तर देत होतो, आणि तो काळजाचं विचारत होता. टिकेल. वीस हजार डिग्रीत टिकेल! मी बाकावरून एवढ्या जोराने उठलो की भावजय दचकली. "काय झालं?" "काही नाही. मोठ्या गोष्टी लवकर तापत नाहीत," मी म्हणालो. तिला वाटलं असेल मी तिच्या नवऱ्याबद्दल काही शहाणपणाचं बोललो. मान हलवली तिने बिचारीने.

तेवढ्यात डॉक्टरीण बाहेर आली. वयाने माझ्या मोठ्या पुतणीपेक्षा चार-पाच वर्षांनीच पुढे, डोळ्यांखाली काळं, केसांत पेन खोचलेलं. मी तिला गाठलं आणि मूर्खासारखं बोललो. म्हणालो, आग तर आतपर्यंत गेली नाही ना, काळीज तर ठीक आहे ना, जाड अंगाचा आहे तो. तिने माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. हे लोक ऐकून घेतात तेव्हा घाबरावं. "काका, आग त्याच दिवशी संपली," ती म्हणाली. "भाजलेला माणूस आगीने जात नाही. कातडी कशासाठी असते? आतलं पाणी आत ठेवायला. ती गेली की शरीर गळायला लागतं, सगळीकडून. आपण वरून ओततोय, ते खालून गळतंय. पहिल्या दोन दिवसांत हे थांबायला हवं होतं." "थांबलं नाही?" "नाही. लघवी कमी होतेय. आणि कालपासून ताप आहे, म्हणजे जंतू शिरलेत. हृदय चांगलं आहे त्यांचं. पण नुसत्या चांगल्या हृदयाने…" वाक्य तिने पुरं केलं नाही, पेन केसांतून काढून पुन्हा तिथेच खोचलं. "ते शुद्धीवर आहेत. किती वेळ राहतील सांगता येत नाही. एकेकाने जाऊन या."

भावजय म्हणाली, "आधी तुम्ही जा, भाऊजी. मला तोंडावर पाणी मारून येऊ दे. असं तोंड घेऊन नको जायला."

हिरवा अंगरखा, टोपी, तोंडाला पट्टी, पायांत पिशव्या. आतली हवा मुद्दाम गरम ठेवलेली. कातडी नसलेल्यांना थंडी वाजते. तिथे मला रोज घाम फुटतो. कामावर तोंडापुढे काच लावलेली होती म्हणून त्याचा चेहरा वाचला, फक्त सुजला आहे, डोळ्यांच्या दोन रेघा. बाकी सगळं पांढरं, गुंडाळलेलं. उशाशी मी आणलेली पिवळी पिशवी थेंबथेंब रिकामी होत होती. चिठ्ठी मी बाहेर टाकून आलो होतो. दोनशे वर्षांचा हिशेब आता सांगण्यासारखा उरला नव्हता. काळीज गार राहून भागत नाही, हे मला आताच कळलं होतं.

"दादा," तो म्हणाला. आवाज घासलेल्या पत्र्यासारखा. "तू आलास का ती?"

"मी."

"क्रेनवाला कसा आहे?"

"बरा आहे. पायांवर निभावलं."

यंत्र आपलं टिकटिकत होतं. "मी बर्नर लावला होता रे," तो म्हणाला. "आठला लावला. अस्तर लाल झालेलं मी पाहिलं. पाहिलं ना? की ते सोमवारचं आठवतंय मला? रोज तेच काम, दादा. एक दिवस दुसऱ्या दिवसासारखा. मी पडल्या पडल्या तेच बघतोय, पण प्रत्येक वेळी कपडे वेगळे दिसतात माझ्या अंगावर." ओठ ओले करायला त्याला वेळ लागला. "माझ्या घाईने त्याचे पाय गेले असतील तर…"

"तू तापवली होतीस."

"तुला काय माहीत? तू होतास तिथे?"

माझा चष्मा पट्टीतल्या श्वासाने धुरकट झाला होता. तो काढून पुसायला हात मोकळे नव्हते, हातमोजे होते. बरंच झालं, मला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. "वीट चुलत होती," मी म्हणालो.

यंत्र टिकटिकत राहिलं. पलीकडच्या पडद्याआड कोणीतरी कण्हलं आणि थांबलं.

"किती लिहिलंस?" त्याने विचारलं.

"सव्वीस."

"आणि होती किती?"

"चार. परवा मोजली मी. स्वतः."

"सख्खी मोजलीस," तो म्हणाला, आणि त्याच्या छातीतून एक आवाज आला. मला आधी वाटलं, नर्सला हाक मारावी. तो हसत होता. हसताना दुखत होतं म्हणून थांबत होता आणि पुन्हा हसत होता. मग हसणं संपलं आणि ते संपलेलं स्पष्ट ऐकू आलं. "चाळीस वर्षांत धुडोबाला एक डिग्री सोडली नाहीस रे. एक. आणि विटेला बावीस?"

मी बोलायला तोंड उघडलं असेलही, पट्टीआड कोणाला दिसतंय.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "दादा नाही म्हणतो, म्हणजे नाहीच. आणि दादाची सही आहे, म्हणजे आहेच. ग्रुपवरच्यांना पण…" त्याने डोळे मिटले. सुजलेल्या पापण्या मिटताना फरक कळत नाही, फक्त रेघ नाहीशी होते. मला वाटलं, शुद्ध गेली. मी यंत्राकडे पाहिलं, त्यातला एक आकडाही मला लागेना. मी, ज्याला दुसऱ्याच्या वहीतली चूक खोलीच्या दारातून दिसते.

"ती कुठे आहे?" तो डोळे न उघडता म्हणाला.

"बाहेर. तोंड धुवायला गेलीय."

"तिला सांग."

"सांगतो. तू आधी बरा हो, मग मी सगळीकडे…"

"नको." आवाज एकदम चढला आणि चिरला. "मी असताना सांग. आत्ता. मी गेल्यावर सांगितलंस तर तिला वाटेल, मेलेल्याबद्दल बरं बोलतात तसं बोलतोयस. ती गणिताची बाई आहे, दादा. तिला ते पटायचं नाही. आयुष्यभर ती मनात म्हणत राहील, घाई केली म्हणून गेला. दोन पोरींना तेच शिकवेल: घाई करू नका, बाबांचं काय झालं बघा." तो धापा टाकायला लागला. "चार दिवस ती इथे उभी राहते आणि माझ्याकडे बघते. तिच्या डोळ्यांत ते दिसतं मला. भाजल्याचं सोसतो रे मी. ते नाही सोसत."

"तिने तोंड पाहिलं नाही माझं पुन्हा तर?" मी म्हणालो. लाज वाटण्यासारखं वाक्य होतं; बोलून झाल्यावर ते तिथेच त्या गरम हवेत लोंबकळत राहिलं. पण तेच मनात होतं. नोकरी नव्हती मनात, साहेब नव्हते, चौकशी नव्हती. बाकावर माझ्याशेजारी मुकाट बसणारं एवढंच एक माणूस मला उरणार होतं.

"नाही पाहणार," धाकटा म्हणाला. त्याने गोड करून सांगितलं नाही. "जा."

नर्सने माझ्या दंडाला हात लावला. वेळ संपली होती. मी अंगरखा काढला, टोपी काढली, पायांतल्या पिशव्या काढताना तोल गेला आणि भिंतीला हात टेकला. भिंत गार होती. बाहेर ऊन बाकापर्यंत आलं होतं. भावजय परत येऊन बसली होती, तोंड धुतलेलं, केसांच्या कडा ओल्या, पाहुण्यांपुढे जायचं असल्यासारखी पदर सारखा केलेली. मला पाहून ती अर्धवट उठली. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे, तिचा धीर थोडा वाढल्यासारखा वाटला. "बोलले का काही?" तिने विचारलं. "हसल्यासारखा आवाज आला मला."

"बोलला."

"आठवलं का त्यांना?"

तिने बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि माझ्यासाठी जागा केली. मी बसलो नाही. तिच्यापुढे उभा राहिलो, हात मागे बांधून, आणि बॅचच्या नंबरापासून सुरुवात केली.